पंप नऊशेचा, मग बिल चार हजारांचे का?

मोटारगाडी ही आता आमच्या खेड्यांत नवलाची वस्तू राहिलेली नाही. एके काळी गावात चारचाकी आली की मुले धुरळ्यातून तिच्यामागे धावत. आज बेळगाव-खानापूर भागातील लहानशा वाडीतही एखादी जुनी ओम्नी अंगणातील फणसाखाली उभी असलेली दिसते. अशी गाडी एका घराच्या मालकीची असली तरी उपयोगी पडते ती साऱ्या वाडीला. रात्री-अपरात्री बाळंतिणीस दवाखान्यात तीच नेते, आजाऱ्यास साक्रामेंत देण्यासाठी फादरांना तीच घेऊन येते, लग्नात वधूवर तिच्यातूनच येतात आणि बाजाराच्या दिवशी भाजीच्या पाट्याही तिच्यातूनच जातात.

अशाच एका गाडीचा एक लहानसा भाग बिघडला आणि त्यापायी काटकसरीने चालणाऱ्या एका कुटुंबावर मोठा प्रसंग ओढवला. त्या वेळी आम्ही स्वतः त्या गाडीत बसलो होतो. जे नुकसान झाले त्यात आमचाही वाटा होता. म्हणून ही हकीकत लिहिताना कोणास शहाणपण शिकविण्याचा आव आम्ही आणीत नाही. आम्हांस जे महागात पडून कळले, ते वाचकांना फुकट कळावे एवढाच हेतू आहे.

गोव्याची यात्रा

२०२४ सालच्या डिसेंबर महिन्यातील ही गोष्ट. संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन दर दहा वर्षांनी जुन्या गोव्यात होत असते. त्या वर्षी ते २१ नोव्हेंबर २०२४ पासून ५ जानेवारी २०२५ पर्यंत होते आणि अवशेष बॉम जेझू बासिलिकेतून से कॅथेड्रलमध्ये आणून ठेवले होते. आमच्या शेजाऱ्यांनी आपली ओम्नी काढली. चालकासह आम्ही आठ माणसे, त्यांत दोन मुले. पेट्रोलचे पैसे आम्ही वर्गणी करून दिले आणि आपले कर्तव्य पुरे झाले असे मानून निश्चिंत झालो.

निघण्यापूर्वी आठवडाभर आधी गाडी गावच्या मिस्त्रींकडे तेल बदलण्यासाठी गेली होती. मिस्त्रींनी खाली वाकून पाहिले आणि शेजाऱ्यांना बोलावले. "मामा, पाण्याच्या पंपाखाली हा हिरवट ओघळ दिसतो का? पंपाचे सील गेले आहे. घाट चढायचा आहे, तेव्हा आधी पंप बदलून घ्या. सगळे मिळून चार हजारांपर्यंत जाईल."

चार हजार हा आकडा ऐकून शेजारी बुचकळ्यात पडले. त्यांनी बेळगावात सुट्या भागांच्या दुकानात चौकशी केली, तेव्हा पंप ९४० रुपयांस मिळतो असे कळले. घरी येऊन ते आम्हांस म्हणाले, "पंप नऊशे चाळीसचा आणि बिल चार हजारांचे! उरलेले तीन हजार कोणाच्या खिशात जाणार, ते न कळण्याइतका मी भोळा नाही."

आम्हीही मान डोलावली. खरे सांगावयाचे तर मिस्त्रींना जाऊन विचारावे हे आम्हांपैकी कोणालाच सुचले नाही. शेजाऱ्यांचा स्वभाव चिक्कू नव्हे. त्यांची थोरली मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षास होती, जानेवारीत तिची फी भरावयाची होती आणि ते पैसे कपाटात मोजून ठेवलेले होते. पंपाचे काम सणानंतर करू असे ठरले. गाडीत मागच्या बाजूस विहिरीच्या पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या ठेवल्या आणि आम्ही निघालो.

जांबोटी, कणकुंबी करीत चोर्ला घाटाने आम्ही खाली उतरलो. उतारावर इंजिनास श्रम नसतात, त्यामुळे काही जाणवले नाही. रांगेत उभे राहून दर्शन घेतले, मिस्सा ऐकली, आणि दुपार कलल्यावर परतीस लागलो. केरी मागे पडून घाटाची चढण सुरू झाली, तसा तापमानाचा काटा वर सरकू लागला. पहिल्यांदा तो लाल रेषेस टेकला तेव्हा शेजाऱ्यांनी गाडी कडेला घेतली. अर्धा-पाऊण तास थांबून त्यांनी पाणी भरले. पुन्हा निघालो, आणि दोन-तीन वळणे होतात न होतात तोच काटा पुन्हा लाल रेषेवर गेला.

तोवर अंधार पडू लागला होता. मुले कुरकुरत होती, गाडीत एक वृद्ध बाई होत्या आणि फोनला संपर्क मिळत नव्हता. शेजारी थांबूया म्हणत होते. आम्हीच म्हणालो, "घाटमाथ्यावर चहाची टपरी आहे. फार तर चार किलोमीटर. तिथवर जाऊ या आणि मग हवे तेवढे थांबू." त्यांनी एकदा काट्याकडे पाहिले, एकदा आमच्याकडे पाहिले आणि गाडी चालू केली.

थोडे अंतर गेल्यावर लाल रेषेवरचा काटा एकाएकी खाली आला. आम्ही सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. कोणी संत झेवियरचे आभारही मानले. पुढे काही मिनिटांतच इंजिनातून खडखड ऐकू आली, मागून पांढऱ्या धुराचा लोट निघाला आणि गाडी जागीच थबकली. ती पुन्हा चालू झाली नाही. बायका-मुलांना मागून आलेल्या एका जीपगाडीने बेळगावच्या रस्त्यास लावले. शेजारी मात्र रात्रभर थंडीत गाडीपाशी बसून राहिले. सकाळी टोचन करून गाडी गावी आणावी लागली.

हा पंप करतो तरी काय?

पुढे आम्ही मिस्त्रींच्या शेडमध्ये बसून जे समजून घेतले ते वाचकांनाही सांगतो. इंजिनात पेट्रोल जळते तेव्हा त्यातून निर्माण होणाऱ्या शक्तीपैकी थोडाच भाग चाके फिरवितो. ढोबळमानाने पाहता एक तृतीयांश उष्णता धुराबरोबर बाहेर जाते आणि जवळजवळ तितकीच इंजिनाच्या धातूत शिरते. ती तेथून काढून घेतली नाही तर धातू वाकतो. म्हणून इंजिनाच्या भिंतींत पोकळ्या ठेवून त्यांतून पाणी फिरवितात. हे तापलेले पाणी रेडिएटरमध्ये येते, बारीक नळ्यांतून जाताना वाऱ्याने निवते आणि पुन्हा इंजिनाकडे जाते. पाण्याचे हे अखंड फिरणे ज्याच्या बळावर चालते तो हा पंप.

सुरुवातीच्या काही मोटारींत पंपच नसे. अमेरिकेतील फोर्डची प्रसिद्ध 'मॉडेल टी' १९०८ साली निघाली. तिच्या पहिल्या अडीच हजार गाड्यांत पंप होता, पुढे तो काढून टाकण्यात आला. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते आणि थंड पाणी खाली उतरते, ह्या निसर्गनियमावरच त्या गाड्या चालत. चुलीवरील भांड्यात पाणी जसे आपोआप खालीवर होते तसाच हा प्रकार. परंतु इंजिने जशी लहान, वेगवान आणि बलवान होत गेली तसे हे संथ फिरणे अपुरे पडू लागले आणि पंप अनिवार्य झाला.

पंपाची रचना साधी आहे. एक दांडा, त्याच्या आतील टोकास पाती असलेले चाक, बाहेरील टोकास पट्ट्याने फिरणारी पुली आणि मध्ये एक बेअरिंग व एक सील. आत पाणी, बाहेर कोरडे, आणि मिनिटास हजारो वेळा फिरणाऱ्या दांड्याभोवतीची ही सीमा त्या लहानशा सीलने राखावयाची. वर्षानुवर्षे घासून सील झिजले म्हणजे पाणी ठिबकू लागते. हे पाणी बेअरिंगमध्ये न शिरता बाहेर दिसावे म्हणून कारखानदार पंपाच्या अंगास मुद्दाम एक बारीक छिद्र ठेवतात. आमच्या मिस्त्रींनी जो हिरवट ओघळ दाखविला तो ह्याच छिद्रातून आलेला होता. बिघाडाची सूचना गाडीने स्वतःच दिली होती, आणि ती एक आठवडा आधी दिली होती.

घाटात काटा एकाएकी खाली का आला, हेही तेव्हा उलगडले. तापमान मोजणारे यंत्र पाण्यात बुडालेले असते. पाणीच निघून गेले की ते कोरडे पडते आणि काटा खोटे बोलू लागतो. ज्या क्षणी आम्ही निःश्वास टाकला त्याच क्षणी इंजिन विनापाण्याचे चालू लागले होते.

चार हजारांचा हिशेब

आता शेजाऱ्यांच्या मूळ प्रश्नाकडे वळू. पंप जर ९४० रुपयांचा, तर बिल चार हजारांचे का? मिस्त्रींनी जुन्या वहीच्या पानावर लिहून दाखविलेला अंदाज असा होता: पंप ९४० रुपये, टायमिंग बेल्ट ४२०, त्याचा टेन्शनर ४८०, फॅनबेल्ट १९०, कूलंट ४५०, पॅकिंग, क्लिपा व एक रबरी नळी मिळून २७०, आणि मजुरी १,२५०. एकूण ४,००० रुपये.

शेजाऱ्यांनी विचारले, "पंप गेला तर पंप बदला. टायमिंग बेल्ट कशाला?"

मिस्त्री म्हणाले, "मामा, ह्या इंजिनात पंपापर्यंत पोचायचे तर आधी सीट उचलायची, पाणी काढायचे, पट्टा सोडायचा, पुली काढायची, झाकण काढायचे आणि मग टायमिंग बेल्ट उतरवायचा. पंपाचे बोल्ट त्यानंतर हाताला लागतात. हे सगळे उघडायला अर्धा दिवस जातो. जुनाच बेल्ट परत चढवला आणि तो सहा महिन्यांनी तुटला, तर हीच मजुरी तुम्ही पुन्हा देणार. मला त्यात फायदा आहे. तुम्हाला नाही."

ह्या उत्तरातच साऱ्या प्रश्नाचे मर्म आहे. पंप बदलण्याचा खर्च पंपाच्या किमतीवरून ठरत नाही. तो पंप गाडीत कोठे दडला आहे ह्यावरून ठरतो. जुन्या अॅम्बॅसॅडरमध्ये पंप इंजिनाच्या अगदी पुढ्यात असे आणि पंखाही त्याच्याच पुलीवर बसविलेला असे. त्यामुळे जाणत्या हातास ते काम थोड्या वेळात करता येई. आजच्या काही गाड्यांतही पंप बाहेरच्या पट्ट्यावर असतो व मजुरी माफक पडते. इतर कित्येक गाड्यांत तो टायमिंग बेल्टच्या मागे असतो, किंवा त्या बेल्टनेच फिरविला जातो. तेथे मजुरी पंपाच्या किमतीहून अधिक होणे स्वाभाविकच आहे. मोठ्या गाड्यांचा पंपही महाग असतो. तेव्हा शेजारच्या गाडीचे बिल आपल्या गाडीस लावून पाहणे व्यर्थ होय. वर दिलेले आकडे एका जुन्या ओम्नीचे, एका गावचे आणि त्या वेळचे आहेत, हे वाचकांनी ध्यानी ठेवावे.

कूलंटविषयीही एक गैरसमज आमच्या भागात आहे. आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग हे रंगीत पाणी विकत कशाला घ्यावयाचे, असे पुष्कळजण म्हणतात. पाणी गोठू न देणे हे कूलंटचे एक काम खरे, परंतु ते एकमेव नव्हे. त्यातील द्रव्ये धातूस गंज चढू देत नाहीत व उकळण्याची मर्यादा काहीशी वाढवितात. विहिरीच्या जड पाण्यातील क्षार तापल्यावर किटलीच्या तळाशी धरतात तसे इंजिनाच्या पोकळ्यांत आणि रेडिएटरच्या नळ्यांत धरतात, आणि त्यांचे कण पंपाच्या सीलवर घासतात. अडीअडचणीस साधे पाणी घालणे भागच पडते. परंतु वर्षानुवर्षे तेच घालीत राहणे म्हणजे पुढच्या पंपाचे बिल आजच लिहून ठेवणे होय.

चार किलोमीटरांचा हिशेब

गाडी मिस्त्रींच्या शेडमध्ये आली तेव्हा इंजिनाचे हेड वाकलेले निघाले. हेड अॅल्युमिनियमचे असते आणि अतिउष्णतेने ते सपाट राहत नाही. त्याखालचे पॅकिंग जळून पाणी सिलिंडरमध्ये शिरले होते. पांढरा धूर दिसला तो ह्याच पाण्याच्या वाफेचा. हेड लेथवाल्याकडून घासून आणण्यास १,५०० रुपये पडले. पॅकिंगच्या संचास १,३५०, व्हॉल्व्हच्या कामास १,८००, तेल व फिल्टरला १,३००, वाढीव मजुरीस ४,६०० आणि टोचन करून आणण्यास ५,८०० रुपये लागले. हे १६,३५० रुपये झाले. त्यांत मूळचे चार हजार मिळविले की एकूण २०,३५० रुपये. शिवाय गाडी नऊ दिवस बंद राहिली, आणि त्या नऊ दिवसांत शेजाऱ्यांची भाजी बाजारात गेली नाही ती वेगळीच.

कपाटातील फीचे पैसे ह्यात गेले. मुलगी सुटीस घरी आली होती. ती काही बोलली नाही. परंतु तिच्या आईने आमच्या घरी येऊन दोन हजार रुपये उसने मिळतील का असे विचारले, तेव्हा आम्हांस वर पाहवेना. ते चार किलोमीटर आमच्याच तोंडून निघाले होते.

प्रसंग आल्यास काय करावे?

काटा लाल रेषेकडे जाऊ लागला की गाडी सुरक्षित जागी कडेला घ्यावी आणि इंजिन बंद करावे. चार किलोमीटर नव्हे, चारशे पावलेही पुढे नेण्याचा मोह धरू नये. रेडिएटरचे झाकण गरम असताना मुळीच उघडू नये. आतील पाणी कुकरप्रमाणे दाबाखाली असते. दाबामुळे ते शंभर अंशांवर न उकळता ११५ ते १२० अंशांपर्यंत द्रवरूपच राहते. झाकण सैल होताच ते वाफ होऊन उसळते, आणि हात-तोंड भाजून निघते. निदान अर्धा तास थांबावे, जाड फडके धरून झाकण हळूहळू सोडावे आणि पाणी थोडे थोडे घालावे. तापलेल्या इंजिनावर वरून थंड पाणी ओतू नये. एकदा पाणी भरूनही काटा पुन्हा चढला, तर गाडी त्या दिवसापुरती संपली असे समजून मदत मागवावी. टोचनाचा खर्च तेव्हाही होतोच. परंतु हेडचा खर्च वाचतो.

दुरुस्तीस जाताना मिस्त्रींना चार गोष्टी नम्रपणे विचाराव्या. पाणी कोठून ठिबकते ते दाखवा. पंप काढताना कोणता पट्टा उतरवावा लागेल ते सांगा. नवा भाग वेष्टनासह दाखवा. आणि जुना भाग आम्हांस परत द्या. वेष्टनावर छापलेली कमाल किंमत ही सर्व करांसह असते, तीवर पुन्हा कर लावता येत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारींच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. त्यापूर्वी पुष्कळ भागांवर तो २८ टक्के होता. म्हणून जुन्या साठ्यातील वेष्टन असल्यास किमतीची चौकशी अवश्य करावी. फार स्वस्त मिळणारा, नावगाव नसलेला पंप घेऊ नये. त्याचे सील लवकर गेले तर पंपाचे पैसे परत मिळतीलही, मजुरीचे मिळत नाहीत.

न्याय्य किंमत

सातव्या आज्ञेचा विचार आपण बहुधा विकणाऱ्याच्या बाबतीत करतो. मिस्त्रींनी चांगला भाग जुना म्हणून काढला, न केलेल्या कामाचे पैसे लावले, तर ती चोरी होय ह्यात शंका नाही, आणि असे करणारे लोक नाहीत असेही आम्ही म्हणत नाही. परंतु ही आज्ञा घेणाऱ्यासही लागू आहे. अर्धा दिवस गाडीखाली पडून, ग्रीसने हात काळे करून केलेल्या कामाची मजुरी ही ज्यास 'उरलेले तीन हजार' वाटते, तो मनातल्या मनात त्या कामगाराचा हक्क बुडवीतच असतो. शिवाय खातरजमा न करता आम्ही त्यांस लबाड ठरविले, ही गोष्ट आठव्या आज्ञेच्या विरुद्ध झाली. पोप लिओ तेरावे ह्यांनी १८९१ साली 'रेरुम नोव्हारुम' ह्या परिपत्रकात सांगितले की, मजुरी केवळ दोघांच्या कराराने न्याय्य ठरत नाही. तीवर काटकसरी कामगाराचा निर्वाह झाला पाहिजे. गिरणीकामगारांच्या त्या काळी लिहिलेली ही शिकवण गावच्या पत्र्याच्या शेडलाही तितकीच लागू आहे. पोप पायस बारावे ह्यांनी १९५५ साली १ मे हा दिवस कामकरी संत योसेफाचा सण म्हणून नेमून दिला, तोही हाताने काम करणाऱ्याचा मान राखण्यासाठीच.

आणखी एक हिशेब आम्हांस उशिरा कळला. शेजाऱ्याची गाडी नेताना पेट्रोलचे पैसे दिले की देणे फिटले, अशी आपली समजूत असते. परंतु प्रत्येक खेपेस पट्टा झिजतो, टायर झिजतो, सील झिजते. तो खर्च त्या दिवशी दिसत नाही, म्हणून तो कोणी देत नाही. आणि ज्या दिवशी दिसतो त्या दिवशी तो एकट्या मालकाच्या अंगावर येतो. जी गाडी साऱ्या वाडीची म्हणून वापरावयाची, तिची झीज एकट्याची कशी?

नाताळाच्या आधीच्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर आम्ही प्रवासी चर्चच्या पायऱ्यांपाशी जमलो आणि शेजाऱ्यांना बोलावले. झालेला सारा वाढीव खर्च आम्ही भरून देतो असे सांगितले. ते प्रथम काही घेईनात. शेवटी म्हणाले, "मूळचे चार हजार माझेच. ते मला केव्हाही द्यावेच लागणार होते. उरलेल्यातला अर्धा भागही माझाच. मला आधी सांगितले होते आणि मी ऐकले नाही. उरलेला अर्धा तुम्ही द्या, नाही म्हणत नाही." १६,३५० रुपयांचा अर्धा भाग म्हणजे ८,१७५. आम्हां प्रवाशांत कमावती माणसे पाच. प्रत्येकाच्या वाट्यास १,६३५ रुपये आले. मुलीची फी वेळेवर भरली गेली.

त्याच संध्याकाळी शेजारी मिस्त्रींकडे गेले. आम्ही सोबत होतो. त्यांनी मनात काय आणले होते ते सरळ सांगून टाकले. मिस्त्री पाना पुसत थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "मामा, हिशेब मीच आधी लिहून दाखवायला हवा होता. नुसता आकडा सांगितला, ही माझीही चूक झाली." तेव्हापासून त्यांच्या शेडमध्ये प्रत्येक कामाचा अंदाज आधी कागदावर लिहून मिळतो.

त्या ओम्नीत काचेपाशी प्रवाशांचा कैवारी संत क्रिस्तोफर ह्याचे पदक लावलेले आहे. घाटातही ते होते. त्याच्या खाली आता शेजाऱ्यांच्या मुलीने एक लहान डबा ठेवला आहे. गाडी नेणारा पेट्रोलचे पैसे देतो आणि त्यावर किलोमीटरमागे एक रुपया त्या डब्यात टाकतो. गेल्या पावसाळ्याच्या आरंभी वायपर बदलले, ते ह्याच डब्यातील पैशांतून.